नाताळच्या सुट्टीत हस्कींची स्लेज: लेक आणि सासूबाईंना घेऊन जमेल का?

केतकी, सहकारनगर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं नॉर्वेत ट्रोम्सोला जायचं म्हणतोय. लेक अकरा वर्षांची, कुत्र्यांवर भारी जीव. आमच्या गल्लीतल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नावं तिनेच ठेवली आहेत. हस्कींच्या स्लेजवर, म्हणजे ही कुत्री बर्फावरून ओढतात त्या घसरगाडीवर बसायचं, एवढं एकच तिचं मागणं. सासूबाई पासष्टच्या, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. स्लेज स्वतः हाकायची घ्यावी की गाइडने हाकलेली? थंडी झेपेल का? आणि मुख्य म्हणजे, त्या कुत्र्यांचे हाल तर होत नाहीत ना? होत असतील तर लेकीची समजूत काढेन, ती ऐकेल.

श्रीरंग, पौड रोड
केतकीताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

स्लेजची कुत्री बहुतेक ठिकाणी अलास्कन हस्की असतात. आपल्याकडे बाणेर-औंधला एसी लावून फ्लॅटमध्ये ठेवतात ते निळ्या डोळ्यांचे सैबेरियन हस्की वेगळे. ही दिसायला साधी, सडपातळ, लांब पायांची. रूप बघून नाही, पळण्याचा दम बघून पिढ्यान् पिढ्या वाढवलेली. उणे दहा-पंधरा म्हणजे त्यांच्यासाठी झकास हवा. पारा शून्याच्या वर गेला की त्यांना उकडायला लागतं.

जुंपायला सुरुवात झाली की नुसता कल्लोळ. कुणी जागच्या जागी उड्या मारतंय, कुणी दोर चावतंय, मागे राहिलेली आकाशाकडे तोंड करून रडतायत. स्लेज अडवून धरायला बर्फात रोवलेला लोखंडी आकडा गाइडने उपटला, की सगळी एकदम चिडीचूप. पुढे फक्त त्यांच्या धापा आणि बर्फावर घासणाऱ्या स्लेजखालच्या पट्ट्यांचा आवाज. हे बघितल्यावर, यांना कुणी मारूनमुटकून पळवतंय असं मला तरी वाटलं नाही.

तरी सगळी केनेल, म्हणजे ही कुत्री पाळून सहली काढणारी ठिकाणं, सारखी नसतात, म्हणून बुकिंगआधी मेल टाकून विचाराच: एका कुत्र्याला दिवसात किती फेऱ्या? साखळीविना मोकळं कधी सोडता? म्हातारी झालेली कुठे जातात? आम्ही विचारलं तेव्हा एका ठिकाणाहून शेवटच्या प्रश्नाला काही केल्या उत्तर येईना. तिथे गेलोच नाही. दुसरीकडे बाईंनी निवृत्त कुत्र्यांचे नावांसकट फोटो पाठवले, त्यांच्याकडे गेलो.

आता हाकण्याबद्दल. स्वतः हाकायच्या सहलीत साधारण दोघांना एक स्लेज: एक जण बसतो, एक मागे पट्ट्यांवर उभा राहतो, अर्ध्या वाटेत बदली. लगाम नसतो, कुत्री गाइडच्या स्लेजमागून जातात. तुमचं मुख्य काम ब्रेक. उतारावर स्लेज मागच्या जोडीच्या पायांवर जाऊ द्यायची नाही, दोर कायम ताणलेला ठेवायचा. चढावर एका पायाने रेटा द्यायचा, नाहीतर उतरून ढकलायचं. आणि पडलात तरी दांडा सोडायचा नाही, कारण कुत्री तुमच्यासाठी थांबत नाहीत. तुम्हाला किंवा साहेबांना हे जमेल. लेकीला बसवा. हाकायला वयाची अट असते, ती त्यांना विचारा.

सासूबाईंचं मात्र जपून. बैठक जवळजवळ जमिनीलगत, रेनडिअरच्या कातड्यावर पाय लांब करून बसायचं. प्रत्येक उंचवट्याला कंबरेत दणका बसतो आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. त्यांना गाइडची छोटी फेरी, किंवा नुसती केनेलची भेट. पिल्लं मांडीवर घेऊन बसायला मिळतं.

तुमच्या तारखांना तिथे सूर्य उगवतच नाही, नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. दुपारी काही तास निळसर उजेड, बाकी वेळ कपाळावरचा दिवा. फिरायला फेब्रुवारी-मार्च सरस, पण मुलांच्या परीक्षा आड येतात, कळतं. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोला थंडी बेताची, कधी चक्क पाऊस. बर्फ नसेल तर काही केनेल चाकांच्या गाड्यांना कुत्री जुंपतात, तेही आधी विचारा. बर्फाची खात्री हवी तर फिनलंडचा उत्तर भाग, रोव्हानिएमी शहराच्याही वर. तिथे उणे वीस-तीसची तयारी ठेवा.

वैशाली, सांगवी
फेरीनंतर तंबूत शेकोटीभोवती गरम जेवण देतात, ते बऱ्याचदा रेनडिअरच्या मटणाचं असतं. शाकाहारी सूप बुकिंगच्या वेळीच लिहून सांगा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. सासूबाईंच्या पिशवीत दशम्या आणि चटणी असू द्या. आणि सुती बनियन अजिबात नको. घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. अंगालगत लोकरच.

दत्ता, मंचर
आमच्याकडे घाटात बैल पळवतात, म्हणून मी यूट्यूबवर हे फार बघतो. गाडीला जशी धुरेची जोडी दमदार लागते, तशी स्लेजलगतची जोडी धिप्पाड असते, आणि सगळ्यात पुढे हुशार कुत्री. ताई, लेकीला 1925 ची नोमची गोष्ट सांगा. अलास्कातल्या त्या गावात घटसर्प पसरला होता. वीसेक हाकणाऱ्यांनी हजार किलोमीटरवर रिले करून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. पुतळा बाल्टो नावाच्या कुत्र्याचा झाला न्यूयॉर्कला, पण सगळ्यात लांब आणि जोखमीचा टप्पा टोगो या दुसऱ्या कुत्र्याने काढला होता.

केतकी, सहकारनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. टोगोचं नाव गल्लीतल्या नव्या पिल्लाला मिळालंसुद्धा. ठरलं असं: लेक आणि बाबा स्लेजवर, मी आणि सासूबाई पिल्लांजवळ. केनेलला मेल आजच टाकते. श्रीरंगदादा, बूट तिथे मिळतात म्हणे, मग मोजे एक जोडी की दोन?

श्रीरंग, पौड रोड
एकच, जाड लोकरीचे. दोन घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. बूट एक नंबर मोठा मागा. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी बघता बघता उतरते. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. नाताळची गर्दी असते, उशीर करू नका. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो.