सेलमचे भांडण धर्माचे होते की सरपणाचे?

कुतूहली

मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारण्यात आले, एवढे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. माझी अडचण यानंतर सुरू होते. काही लेखक हा सारा प्रकार धर्मवेडाचा म्हणून सांगतात, तर काही जण तो जमीनजुमला, वारसाहक्क आणि गावकीच्या राजकारणाचा असल्याचे सांगून धर्माला केवळ निमित्ताचे स्थान देतात. दोन्ही बाजूंचे पुरावे वाचताना पटतात, पण एक मानले की दुसरे गळून पडते असे वाटत राहते.

दुसरा प्रश्न त्याला लागूनच आहे. इंग्लंडमधील चर्चचा जाच नको म्हणून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी स्वतःच्या वसाहतीत मतभेद इतक्या कठोरपणे का मोडून काढले? आणि ही धुसफूस फक्त मॅसॅच्युसेट्सचीच होती, की इतर इंग्रज वसाहतींतही होती? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी दप्तरे

धर्म की पैसा, अशी निवड करायला गेले की सेलम हातातून निसटते, कारण ज्या संस्थेवरून गाव भांडत होते ती संस्थाच दोन्हींची मिळून बनलेली होती.

सेलम शहर हे बंदर होते, आणि सेलम गाव म्हणजे त्याच्या हद्दीतली पण काही मैल आत असलेली शेतवस्ती, जिला आज डॅन्व्हर्स म्हणतात. गावकऱ्यांना कर शहराचा भरावा लागे आणि उपासनेसाठीही शहरापर्यंत जावे लागे. १६७२ मध्ये त्यांना स्वतःचे प्रार्थनागृह बांधण्याची आणि स्वतःचा पाद्री नेमण्याची मुभा मिळाली, परंतु स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळाली नाही. ती मिळायला १७५२ उजाडले. म्हणजे गावाच्या हाती स्वतःचा म्हणावा असा एकच कारभार होता, तो पाद्रीच्या नेमणुकीचा आणि त्याच्या पगारासाठी घरोघर बसवायच्या कराचा. जिथे दुसरा आखाडाच नाही तिथे सगळ्या कुस्त्या त्याच आखाड्यात होणार, हे ओघानेच आले. जेम्स बेली, जॉर्ज बरोज आणि डिओडॅट लॉसन हे तीन पाद्री एकामागून एक आले आणि गेले. त्यांपैकी बरोज यांचा पगार थकला, त्यांना उसनवारी करावी लागली आणि शेवटी गावातल्याच जॉन पटनम यांच्या देण्यापोटी त्यांना अटकही झाली. १६९२ च्या ऑगस्टमध्ये चेटक्यांचा म्होरक्या ठरवून फाशी दिलेले बरोज ते हेच.

सॅम्युएल पॅरिस १६८९ मध्ये आले. बार्बाडोसशी संबंध असलेला आणि व्यापारात फारसे यश न मिळालेला हा माणूस पाद्री होताना अटींबाबत फार काटेकोर होता. साठ पौंड पगार, त्यातला एक तृतीयांश रोख आणि उरलेला धान्यात आणि जिनसांत, असे ठरले. सरपण मात्र अडून बसले. गावाचे म्हणणे असे की वर्षाला सहा पौंड जास्तीचे घ्या आणि लाकूड तुमचे तुम्ही आणा, तर पॅरिस यांना गावाने लाकूड दारात आणून टाकावे असे वाटत होते. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात ही क्षुल्लक बाब नव्हती, आणि दारात येणारे लाकूड हे मानाचे चिन्हही होते. त्यातच पाद्रीचे घर आणि त्याभोवतीची दोन एकर जमीन पॅरिस यांच्या नावावर करून देण्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा ही सार्वजनिक मालमत्ता अशी देण्याचा अधिकार कोणाला होता, असा सवाल विरोधी गटाने उभा केला.

ऑक्टोबर १६९१ मध्ये गावाने नवी पंचसमिती निवडली. जोसेफ पोर्टर, जोसेफ हचिन्सन, जोसेफ पटनम, डॅनियल अँड्र्यू आणि फ्रान्सिस नर्स हे तिचे पाच सभासद. या समितीने पॅरिस यांच्या पगाराचा कर वसूल करण्यास नकार दिला. पॅरिस प्रवचनांतून चर्चच्या शत्रूंविषयी बोलू लागले आणि घरात सरपण उरले नसल्याची तक्रार करू लागले. जानेवारी १६९२ मध्ये त्याच घरात त्यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. पहिले तीन आरोप झाले ते पॅरिस यांच्या घरातील गुलाम स्त्री टिट्युबा, दारोदार मागून पोट भरणारी सारा गुड आणि मालमत्तेच्या वादात अडकलेली सारा ऑसबॉर्न यांच्यावर. मार्च महिन्यात मात्र एकाहत्तर वर्षांच्या, चर्चमध्ये ज्यांच्याविषयी आदरच होता अशा रिबेका नर्स यांचे नाव आले. समितीतील फ्रान्सिस नर्स हे त्यांचे पती. डॅनियल अँड्र्यू यांच्यावरही आरोप झाला आणि ते पळून गेले.

यावरून पॅरिस यांनी सूड म्हणून मुलींना पढवले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्या माणसाच्या दृष्टीने पगार अडवणे म्हणजे देवाच्या कामात अडथळा आणणे होते, त्याला विरोधकांच्या घरात सैतान दिसणे अगदी प्रामाणिकपणेही शक्य होते, आणि मला तरी तेच जास्त भयंकर वाटते.

सोनचाफा

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. हे प्युरिटन लोक, म्हणजे इंग्लंडचे चर्च जुन्या कर्मकांडातून शुद्ध करू पाहणारे प्रोटेस्टंट, स्वातंत्र्य मागायला आले होते, या समजुतीतच घोटाळा आहे. त्यांना हवी होती ती योग्य उपासना, आणि अयोग्य उपासना चालू देणे त्यांच्या मते पापात भागीदारी करण्यासारखे होते. म्हणून १६३५ मध्ये वेगळे मत मांडणारे पाद्री रॉजर विल्यम्स यांना हद्दपारीची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी प्रॉव्हिडन्स ही वेगळी वस्ती वसवली. १६३७ मध्ये पाद्रींच्या शिकवणुकीवर टीका करणाऱ्या अ‍ॅन हचिन्सन यांच्यावर खटला झाला. आणि १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये चार क्वेकरांना, म्हणजे पाद्रीची गरज न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, फाशी देण्यात आले, त्यांत मेरी डायर होत्या.

परंतु पाखंडापेक्षा मला एका दुकानदाराची गोष्ट अधिक बोलकी वाटते. रॉबर्ट कीन हा बॉस्टनचा व्यापारी स्वतः निष्ठावंत प्युरिटन होता. १६३९ मध्ये त्याच्यावर खिळे, बटणे, घोड्याचा लगाम अशा वस्तूंवर अवाजवी नफा घेतल्याचा आरोप झाला. वसाहतीचे कायदेमंडळ आणि वरचे न्यायालयही असलेल्या सर्वसाधारण सभेने त्याला दोनशे पौंड दंड ठोठावला, जो पुढे ऐंशीवर आला. प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. चर्चनेही त्याला उभे केले आणि त्याने डोळ्यांत पाणी आणून लोभाची कबुली दिली. त्यानंतर बॉस्टनचे पाद्री जॉन कॉटन यांनी प्रवचनात व्यापाराचे नियम सांगितले. एका मालात आलेला तोटा दुसऱ्या मालाची किंमत वाढवून भरून काढू नये; जहाज बुडाले तर तो देवाने दिलेला तोटा समजावा आणि गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. आता वसाहतीचा सारा व्यवहार समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर चालणार, आणि व्यापाऱ्याने जहाजाचा धोका किमतीत धरायचा नाही! कीनने हा सल कधीच सोडला नाही. १६५३ मध्ये तो मृत्युपत्र लिहायला बसला आणि त्यात दीडशेहून अधिक पाने त्याने बऱ्याच अंशी स्वतःची बाजू मांडण्यात खर्च केली. त्याच मृत्युपत्रात त्याने बॉस्टनला नगरगृहासाठी पैसेही ठेवले.

याच कीनचे डुकरिणीचे प्रकरणही आहे. शर्मन नावाच्या गरीब बाईने दावा केला की, त्याने मारलेली डुकरीण तिची हरवलेली होती. चर्च आणि खालचे न्यायालय या दोघांनीही कीनला निर्दोष ठरवले, आणि वर त्याने बदनामीचा दावा लावून तिच्याकडून वीस पौंडांची भरपाई मिळवली. १६४२ मध्ये प्रकरण सर्वसाधारण सभेत गेले तेव्हा दंडाधिकाऱ्यांपैकी सात कीनच्या आणि दोन बाईच्या बाजूने होते, तर गावोगावच्या प्रतिनिधींपैकी पंधरा बाईच्या आणि आठ कीनच्या बाजूने होते. श्रीमंत कीनविषयीचा जनतेचा राग त्या आकड्यांत सरळ वाचता येतो. मूठभर दंडाधिकाऱ्यांना बहुमत अडवण्याचा अधिकार असावा का, हा वाद यातून इतका चिघळला की १६४४ मध्ये सभेची दोन स्वतंत्र सभागृहे झाली.

यात आणखी एक गोष्ट धरायला हवी. १६३१ पासून मतदानाचा हक्क केवळ चर्चच्या सभासदांना होता, आणि पुढे सभासद होण्यासाठी देवकृपेचा स्वानुभव मंडळीपुढे सांगून पटवावा लागे. प्रवचनाला यायचे सर्वांनी, कर भरायचा सर्वांनी, मत मात्र काहींनीच द्यायचे. दुसऱ्या पिढीत असा अनुभव सांगणारे कमी होऊ लागले तेव्हा १६६२ मध्ये सभासद नसलेल्या, पण बाप्तिस्मा झालेल्या पालकांच्या मुलांनाही बाप्तिस्मा देण्याची तडजोड निघाली, आणि त्या तडजोडीवरूनही अनेक चर्चमध्ये फूट पडली.

तिसरी घंटा

'जुनी दप्तरे' यांचे विवेचन नीटस आहे, पण थोडे अधिकच नीटस आहे. गावच्या गटबाजीने सगळे उलगडत असेल तर शेजारच्या अँडोव्हर या गावाचे काय करायचे? आरोपींची संख्या सेलम गावापेक्षा अँडोव्हरमध्ये जास्त होती, आणि तिथल्या कोणालाही पॅरिस यांच्या सरपणाशी देणेघेणे नव्हते. सेलम गावातल्या थॉमस पटनम यांचेच पाहा. वडिलांनी मालमत्तेचा मोठा वाटा दुसऱ्या पत्नीला आणि तिच्या मुलाला, समितीतल्या जोसेफला, दिला म्हणून थॉमस कोर्टात गेले आणि हरले. १६९२ मधील कितीतरी तक्रारींवर त्यांची सही आहे, तरीही जोसेफवर किंवा सावत्र आईवर त्यांनी आरोप केला नाही.

मला वाटते की गावाच्या कुंपणाबाहेर पाहिले पाहिजे. १६८४ मध्ये राजाने मॅसॅच्युसेट्सची सनद रद्द केली, आणि तिच्याबरोबर जमिनींच्या मालकीहक्कांचा आधारही डळमळला. १६८६ मध्ये आलेले गव्हर्नर एडमंड अँड्रॉस लोकांना जमिनीचे पट्टे नव्याने करून घ्यायला लावू लागले. १६८९ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनने त्यांनाच कैद केले. त्यानंतर तीन वर्षे वसाहत सनदेविनाच चालली होती. तिकडे उत्तरेकडच्या मेन प्रांताच्या सीमेवर फ्रेंच आणि त्यांच्या मित्र वाबानाकी या मूळ रहिवासी जमातींशी युद्ध पेटले होते, आणि जानेवारी १६९२ मध्ये तिथले यॉर्क हे गाव उद्ध्वस्त झाले. आरोप करणाऱ्यांपैकी मर्सी लुईस ही मेनमधल्या हल्ल्यांत पोरकी झालेली मुलगी होती, आणि ज्यांच्यावर तिने आरोप केला ते बरोजही मेनमध्येच पाद्री होते. नवे गव्हर्नर विल्यम फिप्स नवी सनद घेऊन १४ मे १६९२ रोजी पोहोचले, तेव्हा तुरुंग आधीच भरलेले होते. त्यांनी खास न्यायालय नेमले, विल्यम स्टाउटन यांना त्याचे प्रमुख केले, आणि आरोपीची सावली आपल्याला छळते एवढ्या साक्षीलाही तिथे वजन मिळाले. गावातले वैर जुनेच होते. त्याला फासापर्यंत नेणारे न्यायालय मात्र नवे होते.

वाटसरू

इतर वसाहतींविषयी थोडक्यात. व्हर्जिनियात चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचे अधिकृत चर्चच, होते आणि पाद्री थोडे होते, त्यामुळे तिथला असंतोष धर्माच्या भाषेत क्वचितच बोलला. तो जमीन आणि तंबाखूच्या भाषेत बोलला. प्रवासखर्चापोटी काही वर्षे राबण्याचा करार करून आलेले मजूर मुदत संपवून बाहेर पडत, तेव्हा किनाऱ्याजवळची चांगली जमीन बड्या मळेवाल्यांनी आधीच बळकावलेली असे. तंबाखूचे भाव पडलेले, कर चढलेले, आणि १६७० मध्ये भूमिहीनांचा मताधिकारही काढून घेतलेला. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन यांनी मूळ रहिवाशांविरुद्ध मोहीम काढण्याची मागणी करत गव्हर्नर विल्यम बर्कली यांच्याविरुद्धच बंड केले आणि सप्टेंबरमध्ये राजधानी जेम्सटाउन जाळली. त्या बंडात गोरे मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले होते. बेकन ऑक्टोबरमध्ये आजाराने मरण पावले आणि बर्कली यांनी तेवीस जणांना फाशी दिले. पुढच्या काही दशकांत मळेवाले कराराच्या मजुरांऐवजी आफ्रिकन गुलामांकडे वळले आणि १७०५ मध्ये गुलामगिरीचे कायदे एकत्र करून पक्के करण्यात आले. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण गरीब गोऱ्यांना काळ्यांपासून वेगळे पाडणे मळेवाल्यांच्या सोयीचे ठरले, हे नाकारता येत नाही.

जुनी दप्तरे

'तिसरी घंटा' यांचा अँडोव्हरचा आक्षेप मान्य. सरपणाने आग कुठे लागली हे कळते, ती एवढी का पसरली हे कळत नाही. मात्र पसरलेल्या आगीतही पैशाचा हिशेब सुटला नव्हता. चेटकाचे आरोपी जॉन प्रॉक्टर तुरुंगात असतानाच शेरीफने त्यांची गुरे नेली, पिंपातले पेय ओतून पिंप नेले आणि भांड्यातले कालवण सांडून भांडेही उचलले. घरात मुले होती. कैद्याला स्वतःच्या अन्नाचा आणि बेड्यांचाही खर्च भरावा लागे. लिडिया डस्टिन या वृद्ध स्त्रीची १६९३ मध्ये निर्दोष मुक्तता झाली, पण तुरुंगाचे देणे फेडता न आल्यामुळे ती आतच राहिली आणि आतच मेली.

पॅरिस यांचे काय झाले, तेही सांगतो. नर्स कुटुंबाने त्यांच्या हातून प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) घेण्यास नकार दिला आणि वाद लवादापर्यंत गेला. १६९७ मध्ये गावाने थकलेला पगार आणि त्या घर-जमिनीचा हक्क परत मिळवण्यापोटी त्यांना सुमारे एकोणऐंशी पौंड दिले, आणि पॅरिस निघून गेले. त्यांच्यानंतर जोसेफ ग्रीन हे तरुण पाद्री आले. प्रार्थनागृहात कोणी कुठे बसायचे हे वय, प्रतिष्ठा आणि भरलेला कर पाहून ठरत असे, आणि पुढच्या बाकासाठी माणसे वर्षानुवर्षे रुसत. ग्रीन यांच्या काळात बैठकीची नवी मांडणी झाली तेव्हा नर्स आणि पटनम यांना एकाच बाकावर बसवले गेले. १७०६ मध्ये थॉमस पटनम यांची मुलगी अ‍ॅन सभासद होण्यासाठी मंडळीपुढे उभी राहिली, आणि ग्रीन यांनी तिचा कबुलीजबाब मोठ्याने वाचला. निरपराध माणसांचे रक्त सांडण्यात आपण साधन ठरलो, हे तिने त्यात मान्य केले होते आणि रिबेका नर्स यांचे नाव घेतले होते. सैतानाने आपल्याला फसवले, हेही त्यात होतेच.