पर्यटन माहितीच्या संकेतस्थळावर अभिप्रायाचे विजेट कसे लावावे?

देवगिरीवाट (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. वेरूळ, अजिंठा, देवगिरी किल्ला आणि पैठण येथे येणाऱ्या पर्यटकांसाठी आम्ही काही मित्र मिळून मराठी आणि हिंदीत माहिती देणारे एक संकेतस्थळ चालवतो. ते वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर आहे आणि बहुतेक वाचक मोबाइलवरून येतात. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठ्याला जाताना खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्याजवळ ठेवून पुढे बसने जावे लागते, अशा साध्या गोष्टी वेळेवर कळल्या नाहीत तर लांबून आलेल्या कुटुंबाचा अख्खा दिवस वाया जातो. आमच्या पानांवर काय अपुरे आहे आणि काय जुने झाले आहे, हे वाचकांकडूनच कळावे म्हणून आम्ही अभिप्रायाचे एक तयार विजेट (पानात बसवता येणारी छोटी तयार चौकट) बसवले आहे.

ते सध्या मूळ मांडणीप्रमाणेच चालू आहे. पान उघडल्यावर पाच सेकंदांनी पडद्याच्या मध्यभागी चौकट येते आणि ‘हे संकेतस्थळ आपण इतरांना सुचवाल का?’ असे विचारून शून्य ते दहा गुण मागते. गुण येतात, पण त्यावरून दुरुस्ती कशाची करायची हे समजत नाही. काही मराठी अभिप्राय नुसती प्रश्नचिन्हे होऊन साठवले गेले आहेत, ‘पायऱ्या’ हा शब्द लिहिला की ‘अवैध अक्षर’ असा संदेश येतो, आणि काही वाचकांनी तर अभिप्राय पाठवताच येत नसल्याचे कळवले. आम्ही स्वतः पाठवून पाहिले तेव्हा मात्र तो व्यवस्थित गेला. चौकट केव्हा आणि कोठे दाखवावी, तिच्यात काय विचारावे आणि या अडचणींचे मूळ कोठे असावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ (नांदेड)

पाच सेकंदांत वाचकाने शीर्षकही नीट वाचलेले नसते. ज्याने अजून काही वाचलेच नाही, त्याला मत विचारले की तो चौकट बंद करतो किंवा ती जावी म्हणून हाताला येईल तो आकडा दाबतो, आणि आपल्याकडे आलेल्या गुणांत असे आकडे बरेच असणार. दुसरे असे की शोधातून आलेल्या वाचकासमोर मोबाइलवर लगेच मजकूर झाकणारी चौकट दाखवणारी पाने गूगल जानेवारी 2017 पासून निकालांत मागे टाकू शकते. म्हणून पडदा झाकणारा पॉप-अप पूर्णपणे बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेटिंगमध्ये ‘वाचक बाहेर पडताना दाखवा’ असाही पर्याय असेल. तो माउसचा बाण ब्राउझरच्या वरच्या कडेकडे जातो का, हे पाहून चालतो. मोबाइलवर बाणच नसतो. तेथे काही विजेट भराभर वर सरकवणे किंवा मागे जाण्याचे बटण यांवरून अंदाज बांधतात आणि तो वारंवार चुकतो. आपले वाचक मोबाइलवरचे असल्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न लेखाच्या शेवटी, मजकुराच्या ओघातच ठेवावा आणि तो त्या पानापुरता असावा. वेळापत्रकाच्या पानावर ‘लेणी कोणत्या वारी आणि किती वाजता उघडी असतात, हे येथे समजले का?’ असे विचारावे आणि ‘होय’, ‘नाही’ अशी दोनच बटणे द्यावीत. ‘नाही’ दाबणाऱ्यासाठी लगेच खाली ‘आपण काय शोधत होता?’ अशी लिहिण्याची पेटी उघडावी. ‘इतरांना सुचवाल का’ हा प्रश्न व्यापारी संस्था आपल्या ग्राहकांचा कल वर्षानुवर्षे मोजण्यासाठी वापरतात. दहापैकी चार गुण देणाऱ्याला वाहनतळ सापडला नाही की तिकिटाची माहिती जुनी वाटली, हे त्या आकड्यातून कधीच कळणार नाही. बटणांवर नुसती अंगठ्याची चित्रे नसावीत, शब्द असावेत, कारण अंध वाचकाचा स्क्रीन रीडर शब्दच वाचून दाखवतो.

तांत्रिक बाजूने दोन गोष्टी पाहाव्यात. विजेटची स्क्रिप्ट पानाचा मजकूर उभा राहिल्यानंतर चालेल अशी, म्हणजे ‘डिफर’ लावून ठेवावी. आणि विजेटसाठी पानात आधीच ठरावीक उंचीची जागा राखावी, म्हणजे ते उशिरा उमटले तरी वाचत असलेला मजकूर खाली ढकलला जाणार नाही. असे ढकलले जाणे गूगलच्या मोजमापात 0.1 किंवा त्याहून कमी असेल तरच ते चांगले मानले जाते.

बालाघाट (लातूर)

मराठी मजकुराच्या अडचणी दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत, त्यामुळे त्या वेगळ्याच तपासाव्या लागतील.

प्रश्नचिन्हांचे कारण बहुधा डेटाबेसमध्ये आहे. वर्डप्रेस स्वतःचे तक्ते 2015 मधील 4.2 या आवृत्तीपासून यूटीएफ-8 एमबी-4 या वर्णसंचात (अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत) ठेवते, पण एखादे प्लगिन (वर्डप्रेसला जोडलेला पूरक प्रोग्राम) स्वतःचे वेगळे तक्ते तयार करत असेल आणि त्यांचा वर्णसंच लॅटिन-1, म्हणजे रोमन लिपीपुरताच, राहिला असेल, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाते. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतील नुसता ‘यूटीएफ-8’ निवडल्यास मराठी टिकते, पण त्यात एका चिन्हासाठी तीनच बाइट मिळत असल्याने चार बाइटची इमोजी आली की नोंद नाकारली जाते किंवा तेथून पुढचा मजकूर तुटतो. लोक नमस्काराचे चिन्ह सर्रास टाकतात. म्हणून तक्ते एमबी-4 मध्येच बदलून घ्यावे आणि त्यापूर्वी डेटाबेसची प्रत अवश्य काढून ठेवावी. जे अभिप्राय प्रश्नचिन्हे होऊन साठले आहेत, ते मात्र परत मिळणार नाहीत. मूळ अक्षरे डेटाबेसमध्ये पोहोचलेलीच नाहीत.

‘पायऱ्या’ अडतो तो चुकीच्या मजकूर-तपासणीमुळे. अशा तपासणीत अनेकदा ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम असतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींच्या संगणकीय संकेतसूचीत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांचा वर्ग अक्षरांचा नसून चिन्हांचा आहे. विजेट बनवणाऱ्याने चिन्हांची परवानगी दिली असली, तरी ‘ऱ्य’ पुन्हा अडकू शकतो. तो दोन प्रकारे टंकला जातो: एका प्रकारात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आणि हलन्त असते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह असते. हे अदृश्य चिन्ह घुसखोरी समजून नाकारले जाते. आपल्या विषयात ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’, ‘येणाऱ्या’ हे शब्द टाळता येण्यासारखे नाहीत, तेव्हा अभिप्रायाच्या पेटीवर अक्षरांची तपासणीच नसावी; आलेला मजकूर पडद्यावर दाखवताना तो सुरक्षित करून घेणे पुरेसे आहे. साठवलेल्या अभिप्रायांत ‘पायऱ्या’ शोधतानाही दोन्ही रूपे शोधावीत, कारण दिसायला ती सारखी असली तरी संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

मजकुराची मर्यादाही पाहून घ्यावी. ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणक त्यात सात वर्ण मोजतो आणि मर्यादा बाइटमध्ये असेल तर एकवीस. इंग्रजीसाठी ठेवलेली दोनशेची मर्यादा मराठी वाचकाला वाक्य अर्धवट सोडायला लावते. मी ती किमान हजार ठेवीन.

पूर्णाकाठ (परभणी)

आपल्याला अडचण दिसत नाही आणि वाचकांना दिसते, यावरून माझा संशय कॅशेवर, म्हणजे पान लवकर दिसावे म्हणून साठवून ठेवलेल्या त्याच्या प्रतीवर आहे. वर्डप्रेसवरील अनेक अर्जांबरोबर ‘नॉन्स’ नावाचा एक सुरक्षा-संकेत पाठवला जातो आणि तो सहसा जास्तीत जास्त चोवीस तास चालतो. कॅशे प्लगिनने पानाची प्रत त्याहून अधिक काळ तशीच ठेवली, तर वाचकाला मुदत संपलेला संकेत मिळतो आणि सर्व्हर 403 असे उत्तर देऊन अभिप्राय नाकारतो. आपण व्यवस्थापक म्हणून लॉग-इन असता तेव्हा बहुतेक कॅशे प्लगिन आपल्याला ताजे पान देतात, म्हणून आपला अभिप्राय जातो. ब्राउझरच्या खासगी खिडकीत लॉग-इन न करता जुने पान उघडून पाहावे. कॅशेची मुदत दहा तासांपर्यंत आणणे हा सोपा उपाय आहे. वाचकाने बटण दाबल्यावर संकेत वेगळ्या विनंतीने ताजा मागवणे हा अधिक पक्का उपाय आहे.

देवगिरीवाट

सर्वांचे मनापासून आभार. खासगी खिडकीत पाहिले आणि 403 हेच उत्तर मिळाले, तेव्हा परभणीकरांचे निदान बरोबर ठरले आहे. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विजेटमध्ये नाव आणि मोबाइल क्रमांक भरणे सक्तीचे आहे. ते तसेच ठेवावे का? आणि लेण्यांच्या परिसरातून, जेथे मोबाइलला रेंज नीट मिळत नाही, तेथून कोणी लिहिले तर काय काळजी घ्यावी?

तेरणाकाठ (धाराशिव)

मोबाइल क्रमांक सक्तीचा ठेवू नये. ‘बसची वेळ बदलली आहे’ हे सांगणाऱ्याचा क्रमांक आपल्याला लागत नाही, आणि तो मागितला की सांगू इच्छिणाराही मागे फिरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती संमतीने घेता येते आणि ती संमती वाचकाने स्वतःच्या कृतीने द्यायची असते, म्हणून आधीच खूण केलेला चौकोन चालत नाही. ‘उत्तर हवे असल्यास क्रमांक द्यावा’ असा ऐच्छिक रकाना ठेवायचा असेल, तर क्रमांक कशासाठी घेतला, कोण पाहणार आणि केव्हा काढून टाकणार, हे त्याच्याजवळच मराठीत लिहावे. आठव्या अनुसूचीतील भाषेत सूचना वाचण्याचा पर्याय देणे या कायद्यात अपेक्षितच आहे. विजेट दुसऱ्या कंपनीचे असेल, तर अभिप्राय तिच्या सर्व्हरवर जातात की आपल्या, हेही तपासून त्या सूचनेत नमूद करावे.

पानाचा पत्ता आणि तारीख विजेटने आपोआप जोडावी. वाचकाला ‘कोणत्या पानाबद्दल?’ असे विचारू नये. नको असलेला जाहिरातींचा मजकूर थांबवण्यासाठी चित्रकोडी घालण्याऐवजी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवावा आणि तो भरलेला आला तर ती नोंद टाकून द्यावी. स्वयंचलित प्रोग्राम तो बहुधा भरतातच. तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपवलेला असावा, अन्यथा एखादा अंध वाचक तो भरेल आणि त्याचा खरा अभिप्राय फेकला जाईल.

रेंजबद्दल बोलायचे तर, पाठवणे फसले तरी लिहिलेला मजकूर पेटीतून पुसला जाता कामा नये. अनेक विजेट बटण दाबताच पेटी रिकामी करतात आणि मग ‘पाठवता आले नाही’ असे सांगतात. सर्व्हरकडून पोच आल्यानंतरच पेटी रिकामी होईल अशी मांडणी करून घ्यावी आणि मजकूर तोपर्यंत ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे वाचकाच्याच मोबाइलवर, ठेवावा, म्हणजे पर्यटक फर्दापूरला परत येऊन तेच पान उघडेल तेव्हा त्याचे लिहिलेले तेथेच असेल आणि एकदा बटण दाबले की पोहोचेल. विजेटमध्ये ही सोय नसेल, तर विजेट बदलावे.