खासगी चॅनेलचा सामायिक पासवर्ड काढून टाकावा का?

खिडकीवाला (मूळ धागा)
मराठीकरणाच्या कामासाठी आमच्या गटाचा एक छोटा आयआरसी (मजकुरातून गप्पांची जुनी पद्धत) सर्व्हर आहे. त्यावरच्या दोन खासगी चॅनेलना +के मोड (पासवर्डशिवाय आत येऊ न देणारी सेटिंग) लावून एकच पासवर्ड ठेवलाय. माझं मत स्पष्ट आहे: तो काढावा आणि कोणाला आत घ्यायचं ते खात्यावरून ठरवावं.

+के हा मोड १९९३च्या आरएफसी १४५९ मध्येच, म्हणजे आयआरसीचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजातच आहे. त्या वेळी प्रोटोकॉलमध्ये खाती नव्हती, त्यामुळे सगळ्यांना मिळून एक पासवर्ड हा सोपा उपाय होता. आता तो पुरत नाही. आत असलेल्या कोणीही चॅनेलचे मोड विचारले की पासवर्ड पडद्यावर दिसतो. कोणी गट सोडला की तो बदलून उरलेल्या सगळ्यांना कळवायचा. एवढा व्याप नको म्हणून तो बदललाच जात नाही. बदलला तरी जो आत बसलाय तो आतच राहतो, त्याला वेगळं काढावं लागतं. शिवाय चॅनेल नोंदवलेलं नसेल तर शेवटचा माणूस बाहेर पडताच ते मोडतं, पासवर्डही जातो आणि नंतर जो पहिला येईल तो चॅनेलचा ऑपरेटर, म्हणजे ताबा असलेला माणूस होतो.

त्यापेक्षा टोपणनावं निकसर्वकडे नोंदवा, चॅनेल चॅनसर्वकडे नोंदवा (या दोन्ही सर्व्हरवरच्या नोंदणी सांभाळणाऱ्या सेवा), +आय म्हणजे फक्त आमंत्रितांना प्रवेश हा मोड लावा आणि माणसांची यादी करा. यादीतला माणूस चॅनसर्वकडे आमंत्रण मागून आत येतो. एकाला काढायचं तर एक ओळ पुरते, बाकीच्यांना काहीच करावं लागत नाही.

माजघर
यादी सांभाळणार कोण, ते आधी सांगा. आपल्याकडे भाषांतर करणारी माणसं आहेत, सर्व्हर चालवणारी नाहीत. निवृत्त शिक्षिका आहेत, त्या फोनवरून येतात. त्यांना आज एक शब्द टाकला की आत येता येतं. उद्या टोपणनाव नोंदवा, ईमेलचा कोड टाका, क्लायंटमध्ये एसएएसएल (जोडतानाच खात्याची ओळख पटवणं) चालू करा, एवढं सांगितलंत तर त्या पुन्हा येणार नाहीत. शब्दावलीवर सगळ्यात नेमकं बोलणारी हीच माणसं आहेत. वाटेने जाणारा आत येऊ नये एवढंच +के कडून हवंय, आणि ते काम तो करतो.

उत्तररात्र
मी माजघर यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. नोंदणीवर एवढा विश्वास कशाला? २०२१ साली फ्रीनोड या मोठ्या आयआरसी नेटवर्कवर काय झालं ते आठवा. मे महिन्यात जुने स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट हे वेगळं नेटवर्क सुरू केलं. त्यानंतर ज्या चॅनेलच्या विषयात लिबेराचं नाव होतं अशी शेकडो चॅनेलं व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. ती रीतसर नोंदवलेली होती. जूनमध्ये तर नवं नेटवर्क उभं केलं आणि जुन्या नोंदण्या तिथे आणल्याच नाहीत. वर्षानुवर्षांची टोपणनावं आणि चॅनेलं गेली. सर्व्हिसेसचा, म्हणजे निकसर्व-चॅनसर्वचा डेटाबेस ज्याच्या हातात, तोच खरा मालक.

खिडकीवाला
उत्तररात्र, मुद्दा रास्त आहे, पण तो परक्या नेटवर्कबद्दल आहे. आपला डेटाबेस आपल्याच यंत्रावर आहे, रोज त्याची प्रत काढून दोघांकडे ठेवता येईल. आणि फ्रीनोडवर सामायिक पासवर्ड असता तरी तो वाचवू शकला नसता. व्यवस्थापन चॅनेलचे मोड हवे तसे बदलू शकतं.

माजघर, नोंदणीचं काम मी प्रत्येकासाठी फोनवर बसून करून देईन. हे एकदाच करायचं आहे.

तळटीप_ताई
चॅनेलवर इतकं भांडताय, पण त्याआधीची दोन दारं कोणी पाहिली? आपले निम्मे लोक अजून ६६६७ पोर्टवरून येतात. तिथे मजकूर उघडाच जातो, त्यात चॅनेलचा पासवर्डही आला आणि निकसर्वला पाठवलेलाही. आधी ६६९७ वर टीएलएस (जोडणीचं कूटबद्धीकरण) सक्तीचं करा आणि ६६६७ बंद करा. दुसरं, सर्व्हरच्या ऑपरेटरचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये साध्या मजकुरात आहे आणि ती फाइल गटाच्या रिपॉझिटरीत पडली आहे. म्हणजे तो फुटलाच म्हणून समजा. नवा ठेवा, त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही असं रूप) काढून तोच फाइलमध्ये घाला. अनरियलआयआरसीडी या सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एमकेपासडब्ल्यूडी ही आज्ञा आहे. हे होईपर्यंत यादी की पासवर्ड, या वादाने काही सुरक्षित होणार नाही.

माजघर
ताईंचं दोन्ही मान्य, आजच करा. पण दोन्ही चॅनेलना एकच नियम हवा, हे मला पटत नाही. ज्या चॅनेलमध्ये अजून जाहीर न झालेल्या सुरक्षा-त्रुटींवर बोलणं होतं, तिथे खाती सक्तीची करा, माझी हरकत नाही. शब्दावलीच्या चॅनेलमध्ये लपवण्यासारखं काय आहे? तिथे पासवर्ड राहू द्या, फक्त दुसऱ्या चॅनेलचा नको.

खिडकीवाला
पोर्ट आणि ऑपरेटरचा पासवर्ड आज रात्री बदलतो. त्रुटींच्या चॅनेलची यादीही लगेच करतो. शब्दावलीबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर तिथे पासवर्ड तरी कशाला? ते चॅनेल सरळ खुलं करा, आणि त्रास देणाऱ्यांना रोखण्यासाठी +एम (परवानगी असलेल्यांनाच बोलू देणारा मोड) लावून बोलण्याची मुभा यादीतल्यांना द्या. वाचायला मात्र सगळ्यांना येऊ दे.

माजघर
खुलं केलंत तर शिक्षिकांना वाचता येईल, पण बोलायला पुन्हा यादीच लागेल. म्हणजे त्यांची अडचण आहे तिथेच राहिली. माझा विरोध कायम.