मदत हवी आहे : कोजागिरीच्या रात्री घालायला कोडी सुचवा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे यवतमाळ भागात भुलाबाईची गाणी झाली की पोरी डबा खडखडवून खिरापत ओळखायला लावतात. यंदा कोजागिरीला दूध आटेपर्यंत कोडीही घालायची ठरली आहेत, आणि माझा साठा तोकडा आहे.

‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ किंवा ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ नकोत, पोट्टे अर्ध्यातच उत्तर फेकतात. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नावेतून न्यायचंही (शेळीला मधेच परत आणायची ते) सगळ्यांना पाठ आहे.

मला हवंय ते १७ गाईंच्या वाटणीसारखं. थोरल्याला निम्म्या, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. शेजाऱ्याची एक गाय आणून १८ केल्या की ९, ६ आणि २ वाटल्या जातात, उरलेली ज्याची त्याला परत! मुळात हे तिन्ही हिस्से मिळून पूर्ण होतच नाहीत, अठरावा भाग कमी पडतो. म्हणजे खोट बापाच्या वाटणीतच. आमच्या पारावर यावर तासभर वाद रंगेल, वाटणीची भांडणं कोणाच्या घरी नाहीत?

११ वरही जमतं: निम्मा, चौथा, सहावा हिस्सा. तीन भावांत आणखी कुठले आकडे बसतात? चार भावांचं कोणाकडे आहे का? काडेपेटीच्या काड्यांचीही चालतील.

उत्तरं मात्र मला वेगळी पाठवा, भाचा याच ग्रुपवर आहे.