परत येण्याची घाई नको
कुणीतरी लिहिलंय, परदेशात स्लीव्हचं (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं) ऑपरेशन केलं की पाचव्या दिवशी विमानात बसता येतं. कृपा करून असं करू नका. जठर कापून जिथे स्टेपल मारतात, तिथली गळती बऱ्याचदा डिस्चार्जनंतरच कळते. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत राहा. ताप नसला तरी ती मिनिटाला १२० च्या वर टिकून राहिली, डावा खांदा दुखला किंवा धाप लागली, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. विमानात कुठे जाणार? त्यात ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असतेच, चार तासांहून लांबच्या प्रवासाने ती आणखी वाढते. ऑपरेशनला परदेशात जाणारच असाल तर ऑपरेशनचा पूर्ण रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका. आणि बी१२ जीवनसत्त्व, लोह यांच्या तपासण्या आयुष्यभराच्या आहेत, त्या बघणारा घराजवळचा डॉक्टर तिकीट काढण्याआधी ठरवा.