नॅनोअँपिअर मोजायचाय, खोक्यातल्या सुट्या भागांतून सर्किट जमेल का?

वाशिष्ठीकाठ
शेतातला ओलावा मोजणारं छोटं सर्किट करतोय. एटीमेगा३२८पी (सर्किट चालवणारी मायक्रोकंट्रोलर चिप) झोपवून ठेवला तरी सीआर२०३२ हा बटन सेल लवकर उतरतो. एखादा डायोड नाहीतर कपॅसिटर गळतोय असा संशय आहे. पण माझ्या मीटरची सगळ्यात खालची रेंज २०० मायक्रोअँपिअर, त्यामुळे ०.१ मायक्रोच्या, म्हणजे १०० नॅनोच्या खाली काही दिसत नाही. खोक्यात एलएम३५८, टीएल०७२ आणि एक सीए३१४० हे ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या चिप), १० मेगओहमचे भरपूर रेझिस्टर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. नवीन काही मागवायचं नाही. एवढ्यात जमेल का? आणि चिपळूणच्या पावसात त्या आकड्यावर विसंबता येईल का?

तापकीरगल्ली
आधी मीटरच वापरून बघा. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर लावून डायोडच्या सिरीजमध्ये जोडा. मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगओहम असेल तर १ नॅनोअँपिअरला १० मिलिव्होल्ट दिसतील. डीटी८३० जातीच्या स्वस्त मीटरला तो १ मेगओहम असतो, तिथे १ मिलिव्होल्ट. पहिला अंदाज यायला एवढं पुष्कळ झालं.

जुनारेडिओ
युक्ती चांगलीच आहे. फक्त गळती मोठी निघाली की सगळं व्होल्टेज मीटरच खाऊन टाकतो. ऑप-अँपने इनपुट शून्याजवळ राहतं, म्हणून मी तो मार्ग धरेन.

एलएम३५८ बाजूला ठेवा. त्याचा स्वतःचा बायस करंटच (इनपुट पिनमधून वाहणारा करंट) काही दहा नॅनोअँपिअरच्या घरात असतो. टीएल०७२ चा साधारण ६५ पिको (०.०६५ नॅनो), सीए३१४० चा १० पिको. सीए३१४०च घ्या. पिन ३ ग्राउंडला (दोन बॅटऱ्यांच्या मधल्या सांध्याला), पिन २ आणि ६ च्या मध्ये दहा रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे १०० मेगओहम. १ नॅनोअँपिअरला १०० मिलिव्होल्ट, उलट्या चिन्हाने. त्याला समांतर १ नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा, ५० हर्ट्झची गुणगुण दबते. तपासायचा भाग थेट पिन २ ला नको, मध्ये १ मेगओहम असू द्या. करंट ५० नॅनोच्या पुढे गेला तर दहाऐवजी एकच रेझिस्टर ठेवा.

आता पावसाचं. सगळा जीव पिन २ वर आहे. ९ व्होल्टच्या पट्टीपासून तिच्यापर्यंत ९ गिगओहमचा ओलसर मार्ग तयार झाला तरी १ नॅनोअँपिअर फुकटचा येतो, आणि फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट राळेसारखा थर) राहिलेल्या बोर्डावर दमट हवेत तो सहज होतो. म्हणून पिन २ सॉकेटमध्ये घालूच नका. ती वर वाकवा आणि तिथले सांधे हवेतच सोल्डर करा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने सगळं घासा, हेअर ड्रायरने वाळवा. रेझिस्टरच्या अंगाला बोट लावू नका, घामाचा थरही करंट वाहतो. डबा ग्राउंडला जोडा.

तपासणी सोपी आहे: १.५ व्होल्टचा सेल आणि त्याच्या सिरीजमध्ये आणखी दहा रेझिस्टर लावले की १५ नॅनोअँपिअर. आउटपुटवर सेलचंच व्होल्टेज उलटं दिसलं पाहिजे. आणि इनपुट मोकळा ठेवून आलेला आकडा दर वेळी वजा करायचा.

वाशिष्ठीकाठ
जमलं! सेलची तपासणी अगदी जुळली. डब्याचं झाकण उघडं असताना १एन४१४८ चा आकडा टेबललँपसरशी वर चढतो, लावलं की खाली येतो. हे काय?

जुनारेडिओ
त्याचं अंग काचेचं असतं, आत उजेड शिरला की तो फोटोडायोडसारखा वागतो. मोजमाप कायम झाकण लावूनच करा. संशय कशावर आहे?

वाशिष्ठीकाठ
सेल उलटा बसला तर वाचवायला सेलच्या दोन टोकांमध्ये आडवा लावलेला शॉटकी डायोड, १एन५८१९. त्याला जोडलं की आउटपुट थेट टोकाला जातं.

जुनारेडिओ
मग चोर सापडला. शॉटकीची उलटी गळती साध्या सिलिकॉन डायोडपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि उन्हात झपाट्याने वाढते. नुसते १० मायक्रोअँपिअर धरले तरी वर्षाला ८७.६ मिलिअँपिअर-तास जातात, आणि सेल सगळा सव्वादोनशेच्या आसपास. तो काढाच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही तपासा, पण व्होल्टेज देऊन लगेच आकडा घेऊ नका. त्याचा करंट कित्येक मिनिटं खाली येत राहतो, स्थिरावला की मग वाचा.