छुपा अभ्यासक्रम आणि नववी-दहावीच्या मुलांची जडणघडण

प्रश्न : एक पालक, देवगड तालुका
माझी मुलगी नववीत आहे. पूर्वी प्रत्येक गोष्टीचे कारण विचारणारी ही मुलगी आता ‘सरांनी सांगितले आहे’ एवढ्यावर थांबते. शाळेत मूल्यशिक्षण होते, परिपाठात रोज प्रतिज्ञा आणि सुविचारही होतात. परंतु मुलांचा स्वभाव त्यातून घडतो, की वर्गात कोणाला बोलू दिले जाते, मॉनिटर कोणाला नेमले जाते आणि उशीर झाल्यावर कोणाला बाहेर उभे केले जाते, यातून अधिक घडतो? शाळेशी याबाबत कसे बोलावे?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, मालवण
ताई, यालाच छुपा अभ्यासक्रम म्हणतात. अमेरिकी अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये ही संज्ञा मांडली. गर्दीत राहणे, सतत पारख होत असणे आणि दुसऱ्याच्या सत्तेखाली वागणे यांची सवय वर्ग रोज लावतो, असे त्यांचे निरीक्षण होते. यातले सगळेच वाईट नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकावेच लागते. मात्र एका तासाला प्रामाणिकपणावर धडा झाला आणि पुढच्या तासाला तपासणीसाठी येणाऱ्या साहेबांना द्यायच्या उत्तरांची तालीम झाली, तर मुले दुसराच धडा पक्का करतात. स्वतःची फळ्यावरची चूक वर्गासमोर मान्य करणारा शिक्षक त्याविषयी एक शब्दही न बोलता खरेपणा शिकवतो.

उत्तर : माध्यमिक शिक्षिका, गुहागर तालुका
सरांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. आठवीपर्यंत पोषण आहारामुळे मुले एका पंगतीला बसतात. नववीत तो बंद होतो आणि कोणाच्या डब्यात काय आहे, कोणाकडे डबाच नाही, हे सर्वांना दिसू लागते. त्यावरून गट पडतात, आणि नेमके त्या वेळी आम्ही शिक्षक आमच्या खोलीत असतो. माझ्या मते मधल्या सुट्टीइतके दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडेही होत नाही. दुसरी बाब निकालाची. दहावीत कोकण विभाग सातत्याने राज्यात पहिला येतो, याचा अभिमान मलाही आहे. परंतु निकाल टिकवण्यासाठी जेथे कच्च्या मुलाला सतरा नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, अर्ज भरायला सुचवले जाते, तेथे मागे पडलेल्याला सोडून द्यायचे असते, हे उरलेला सगळा वर्ग शिकतो.

उत्तर : एक पालक, हर्णै
३१ जुलैला मासेमारीबंदी संपली की आमची काही मुले सकाळी बंदरावर हात लावून शाळेत येतात. उशिराचे कारण न विचारता त्यांना बाहेर उभे केले, तर घरच्या कामाची त्यांना लाज वाटू लागते. ताई, शिक्षक-पालक संघाच्या सभेत कोणाचे नाव न घेता एवढेच विचारा, की उशिराचा नियम कोणी ठरवला आणि तो ठरवताना मुलांना विचारले होते का.